नेतृत्वाची पात्रता आणि सत्तेचे गणित : डॉ. ना. भा. खरे यांचे राजकीय जीवन

यशस्वी राजकीय नेता होण्यासाठी कोणते गुण लागतात, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच चरित्रवाङ्मयाचाही आहे. प्लुटार्कने ग्रीक आणि रोमन पुरुषांची चरित्रे जोडीजोडीने लिहिली, ती याच प्रश्नाच्या शोधात. परंतु चरित्रकारांची दृष्टी सामान्यतः विजयी पुरुषांकडे वळते. ज्याला यश मिळाले त्याच्या अंगी असलेला प्रत्येक गुण मग यशाचे कारण ठरतो, आणि त्याचे दोषही शोभिवंत दिसू लागतात. नेतृत्वाची खरी घडण समजून घ्यावयाची असेल, तर ज्याच्यापाशी यशाची बहुतेक साधने होती आणि तरीही ज्याच्या हातून सत्ता निसटली, अशा माणसाचे जीवन तपासणे अधिक उपयोगाचे ठरते. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान डॉ. नारायण भास्कर खरे हे अशा पुरुषांपैकी होत. (त्या काळी प्रांताच्या मुख्य मंत्र्यास पंतप्रधान असेच म्हणत.)

खरे यांचे नाव आज महाराष्ट्रात फारसे घेतले जात नाही. नागपूरकडील जुन्या पिढीने ते काही काळ जपले. जबलपूरला ते उच्चारले जाते ते पंडित द्वारकाप्रसाद मिश्र आणि पंडित रविशंकर शुक्ल यांच्या चरित्रातील एक पराभूत प्रतिस्पर्धी म्हणून. वास्तविक १९३८ च्या जुलै महिन्यात या गृहस्थांच्या निमित्ताने जो प्रसंग घडला, त्याने लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्याची निष्ठा विधिमंडळाशी असते की पक्षाशी, हा प्रश्न प्रथमच सर्व देशापुढे उघडपणे मांडला. त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर स्वतंत्र भारतासही सहजासहजी सापडलेले नाही.

एक

खरे यांचा जन्म १८८४ साली कुलाबा जिल्ह्यातील पनवेल येथे झाला. कोकणातील या मुलाचे महाविद्यालयीन शिक्षण मात्र नर्मदेच्या परिसरात, जबलपूरच्या सरकारी महाविद्यालयात झाले. हे महाविद्यालय मूळचे सागरचे. १८७३ मध्ये ते जबलपुरास आले आणि पुढे रॉबर्टसन कॉलेज या नावाने प्रसिद्धी पावले. जबलपूर हे मराठी माणसाला परके नव्हते. १७९८ ते १८१७ या काळात हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्या राज्याबरोबर आलेली आणि पुढे इंग्रजी अमलात नोकरीव्यवसायासाठी आलेली अनेक मराठी घराणी येथे स्थिरावली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी असे त्रैभाषिक जीवन ही या नगराची जुनी रीत आहे. खरे यांचे तारुण्याचे पहिले दिवस अशा वातावरणात गेले. ज्या महाकोशलाशी पुढे त्यांचा उभा दावा झाला, तो त्यांना परका होता असे म्हणता येणार नाही. त्यांच्या राजकीय शोकांतिकेचा विचार करताना हे ध्यानी ठेवावे.

जबलपूरनंतर ते लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले. तेथे त्यांनी बुद्धिमान विद्यार्थी म्हणून नाव मिळवले आणि पंजाब विद्यापीठाची एम. डी. ही उच्च पदवी संपादन केली. त्या काळात ही पदवी असलेले भारतीय डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. काही वर्षे सरकारी वैद्यकीय सेवेत काढल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि नागपुरास व्यवसाय थाटला. तेथून ते सार्वजनिक कार्यात ओढले गेले. 'तरुण भारत' हे पत्र त्यांनीच काढले. पुढे याच नावाचे दैनिक ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली विदर्भात प्रतिष्ठा पावले. प्रांतिक कायदेमंडळाचे सभासद म्हणून त्यांनी काम केले. नागपूरचे लोकप्रिय पुढारी बॅ. मोरोपंत अभ्यंकर १९३५ च्या प्रारंभी निवर्तले आणि त्याच वर्षी खरे केंद्रीय विधिमंडळात गेले. नागपूरच्या मराठी काँग्रेसजनांत अभ्यंकरांची जागा रिकामी झाली होती. ती काही अंशी भरून काढू शकेल असा माणूस म्हणून लोकांची नजर त्यांच्यावर स्थिरावली.

येथवरच्या जीवनात नेतृत्वाला लागणारे कोणते गुण दिसतात? विद्या आहे, व्यवसायातील नाव आहे, वाणी आणि लेखणी या दोहोंवर अधिकार आहे, सरकारी नोकरी सोडण्याचा निःस्पृहपणा आहे. स्पष्टवक्तेपणा तर इतका आहे की तो मित्रांनाही कधीकधी जड जावा. या गुणांच्या यादीत एका गोष्टीची उणीव आहे, आणि ती त्या वेळी कोणाच्या लक्षात आली असेल असे वाटत नाही. गावोगाव आपल्या शब्दावर उभी राहणारी माणसांची साखळी त्यांच्यापाशी नव्हती. त्यांना चाहते होते. पण चाहता आणि अनुयायी यांत मोठे अंतर असते. चाहता विजयाच्या दिवशी मिरवणुकीत असतो, अनुयायी पराभवाच्या दिवशी दारात असतो.

दोन

मध्य प्रांत-वऱ्हाड हा प्रांत भाषेच्या दृष्टीने दुभंगलेला होता. उत्तरेस आणि पूर्वेस हिंदी भाषक महाकोशल, दक्षिणेस मराठी नागपूर विभाग आणि पश्चिमेस वऱ्हाड. १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या स्थापिल्या, तेव्हा या एका सरकारी प्रांतात महाकोशल, नागपूर आणि विदर्भ अशा तीन समित्या झाल्या. सरकारची राजधानी नागपूर; पण काँग्रेसच्या सभासदांचे अधिक बळ महाकोशलात. महाकोशलाच्या राजकारणाचे केंद्र जबलपूर होते. १९२३ मध्ये झेंडा सत्याग्रहाची ठिणगी जबलपूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकविण्याच्या प्रश्नावरून पडली आणि मग तिचा वणवा नागपुरात पेटला. सेठ गोविंददास यांचे वैभव आणि त्याग, द्वारकाप्रसाद मिश्रांची बुद्धी, सुभद्राकुमारी चौहान आणि माखनलाल चतुर्वेदी यांची वाणी, अशी ही सारी संपत्ती त्या प्रदेशाची होती. राजधानी एकीकडे आणि संख्याबळ दुसरीकडे, या विसंगतीतच पुढील संघर्षाचे बीज होते.

१९३५ च्या कायद्यान्वये १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. प्रांताच्या ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला सत्तरच्या घरात जागा मिळाल्या. मंत्रिपदे स्वीकारावी की नाही या वादात काही महिने गेले. तेवढ्या काळात ई. राघवेंद्र राव यांचे अल्पमताचे मंत्रिमंडळ कारभार पाहत होते. जुलैमध्ये काँग्रेसने अधिकारग्रहण केले आणि खरे पंतप्रधान झाले.

महाकोशलाचे सभासद अधिक असताना नेता मराठी कसा झाला, हे समजणे महत्त्वाचे आहे. महाकोशलात त्या वेळी दोन प्रवाह होते. रायपूरचे रविशंकर शुक्ल वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ. जबलपूरचे द्वारकाप्रसाद मिश्र त्यांच्याहून चोवीस वर्षांनी लहान, पण संघटनेत प्रबळ. शुक्लांना नेतेपद मिळू नये असे मिश्रांना वाटत होते, आणि त्यांच्या पाठिंब्यामुळे खऱ्यांची निवड सुकर झाली. म्हणजे खरे यांचे आसन महाकोशलातील दुहीवर उभे होते. जे आसन दुसऱ्यांच्या भांडणावर उभे असते, ते त्या दुसऱ्यांचा समेट होईपर्यंतच टिकते. चतुर पुढाऱ्याने असे आसन मिळताच पहिल्या दिवसापासून स्वतःचा पाया घालावयास घेतला असता. खऱ्यांनी मिळालेल्या पदालाच पाया मानले.

तीन

मंत्रिमंडळात महाकोशलाचे शुक्ल, मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता, वऱ्हाडचे पु. ब. गोळे आणि रामराव देशमुख, आणि विधिमंत्री म्हणून बॅ. महंमद युसूफ शरीफ असे सहकारी होते. शुक्लांकडे शिक्षण होते. त्यांच्या विद्यामंदिर योजनेची देशभर चर्चा झाली. मिश्रांकडे स्थानिक स्वराज्य होते. कारभार आरंभी बरा चालला. परंतु १९३८ च्या पूर्वार्धात शरीफ यांनी बलात्काराच्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या एका शिक्षणाधिकाऱ्याची मुदतीपूर्वी सुटका केली आणि प्रांतभर संताप उसळला. काँग्रेसश्रेष्ठींनी कलकत्ता उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती सर मन्मथनाथ मुखर्जी यांचे मत घेतले. शरीफ यांना पद सोडावे लागले. आता मंत्रिमंडळात तीन मराठी आणि तीन हिंदी मंत्री समोरासमोर उरले. दरम्यान शुक्ल आणि मिश्र यांच्यातील दुरावा मिटला होता. खरे यांच्या आसनाखालची जमीन नेमकी या वेळी सरकली.

मंत्र्यांमधील कलह विकोपास गेला, तेव्हा मे १९३८ मध्ये पचमढी येथे सरदार पटेल, मौलाना आझाद आणि जमनालाल बजाज यांच्या उपस्थितीत समेट घडवून आणण्यात आला. मंत्री एकदिलाने काम करतील असे जाहीर झाले. परंतु जो समेट वरिष्ठांच्या धाकाने होतो, त्याचे आयुष्य वरिष्ठांची पाठ फिरेपर्यंतच असते. पचमढीच्या थंड हवेत जुळलेली मने नागपूरच्या उन्हाळ्यात पुन्हा फाटली.

२० जुलै १९३८ रोजी खरे यांनी गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्याकडे आपला राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांसही राजीनामे मागितले. गोळे आणि देशमुख यांनी ते दिले. महाकोशलाच्या तिघांनी, श्रेष्ठींच्या आज्ञेवाचून आपण राजीनामा देणार नाही, अशी भूमिका घेतली. काँग्रेस कार्यकारिणीची बैठक अवघ्या तीन दिवसांवर, तीही नागपूरपासून रेल्वेने दोन तासांच्या वाटेवर वर्धा येथे भरावयाची होती. तेथून सबुरीचा सल्लाही आला. तो मानला गेला नाही. गव्हर्नरने रातोरात तिन्ही मंत्र्यांना बडतर्फ केले आणि २१ जुलै रोजी खरे यांच्या नेतृत्वाखाली नवे मंत्रिमंडळ शपथबद्ध झाले. त्यात छत्तीसगढचे ठाकूर प्यारेलालसिंह होते, आणि अस्पृश्य समाजातून आलेले अग्निभोज हेही होते. महाकोशलातील माणसे आपल्याकडे वळविण्याचा हा प्रयत्न होता. परंतु जो पाया घालावयास एक वर्ष हाताशी होते, तो एका रात्रीत घातला जाणे शक्य नव्हते.

शुद्ध संविधानाच्या दृष्टीने पाहिले, तर खरे यांच्या बाजूने बरेच बोलता येते. मुख्य मंत्र्याने राजीनामा दिला की मंत्रिमंडळ संपते, हा ब्रिटिश संसदीय पद्धतीचा सर्वमान्य संकेत आहे. आपले सहकारी निवडण्याचा अधिकार त्याचाच असतो. खरे यांनी हा संकेत प्रमाण मानला. परंतु १९३८ चा काँग्रेस पक्ष हा वेस्टमिन्स्टरमधील पक्षांसारखा पक्ष नव्हता. तो परकीय सत्तेशी झुंजणारा एक व्यूह होता, आणि मंत्रिपदे ही त्या व्यूहातील तात्पुरत्या चौक्या होत्या. चौकीवरच्या नायकाने शत्रूच्या सेनापतीच्या मदतीने आपल्याच सैनिकांना हाकलून लावावे, हे त्या व्यूहाला सहन होण्यासारखे नव्हते. खरे यांनी कायद्याचे पुस्तक उघडले; त्यांच्या प्रतिपक्षाने सत्तेचा नकाशा उघडला. दोघांचेही वाचन आपापल्या जागी अचूक होते. पण राजकारणात नकाशा वाचणारा पुढे जातो.

चार

वर्ध्यास खरे यांना आपली चूक मान्य करावी लागली आणि २३ जुलै रोजी त्यांनी दुसऱ्यांदा राजीनामा दिला. त्यांचे दुसरे मंत्रिमंडळ जेमतेम दोन दिवस जगले. यानंतरचा प्रसंग माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत निर्णायक होय. सेवाग्रामला गांधीजींच्या समक्ष त्यांनी एक निवेदन लिहिले. गांधीजींनी आपल्या हाताने त्यात दुरुस्त्या केल्या. त्या दुरुस्त निवेदनावर सही केली असती, तर नेतेपद परत मिळाले नसते, पण पक्षात स्थान राहिले असते आणि काही वर्षांनी संधीही पुन्हा आली असती. खरे यांनी सही केली नाही. आपला स्वाभिमान गहाण पडतो असे त्यांना वाटले. कार्यकारिणीने मग त्यांच्यावर गंभीर प्रमादाचा ठपका ठेवून त्यांना जबाबदारीच्या पदास अपात्र ठरविले. गव्हर्नरच्या घाईवरही तिने कडक टीका केली. २७ जुलैला वर्धा येथे विधिमंडळ पक्षाची सभा झाली, तिचे अध्यक्षस्थान काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्याकडे होते. शुक्ल नेते निवडले गेले.

खरे यांनी आपली बाजू पुस्तिकेच्या रूपाने लोकांपुढे मांडली. अस्पृश्य मंत्री घेतल्याबद्दल गांधीजींनी नापसंती दर्शविली, असा त्यांचा एक आरोप होता. डॉ. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या प्रकरणाची दखल घेतल्यामुळे तो आरोप इतिहासात उरला. काँग्रेसच्या बाजूने तो अर्थातच मान्य झाला नाही. अग्निभोज यांची निवड तत्त्वासाठी होती की संख्येसाठी, हे ठरविणे कठीण आहे. बहुधा दोन्ही हेतू एकत्र असावेत, जसे ते राजकारणात नेहमी असतात.

त्या काळात अशी प्रकरणे एकापाठोपाठ एक घडली. १९३७ मध्ये मुंबईला के. एफ. नरीमन यांना डावलून बाळासाहेब खेर नेते झाले, आणि नरीमन यांची तक्रार चौकशीअंती फेटाळली गेली. १९३८ मध्ये खरे गेले. आणि ज्या सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली खऱ्यांचा निकाल लागला, त्यांची पाळी मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळच्या त्रिपुरीला आली. कलचुरींची ही प्राचीन राजधानी आज तेवर नावाचे गाव आहे. तेथे भरलेल्या बावन्नाव्या अधिवेशनासाठी बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली; स्वागताध्यक्ष सेठ गोविंददास होते. पट्टाभी सीतारामय्या यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव करून सुभाषबाबू दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले होते. ते ज्वराने फणफणत अधिवेशनास आले. गोविंद वल्लभ पंतांच्या ठरावाने त्यांना आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमण्याचे बंधन घातले आणि एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. जबलपूरच्या बाजारातील कमानिया गेट त्या अधिवेशनाची आठवण म्हणून उभे आहे. निवडून आलेला नेता आणि न निवडता सत्ता चालविणारे श्रेष्ठी यांच्या झगड्याचे ते स्मारक आहे, हे त्याखालून जाणाऱ्यांच्या मनात क्वचितच येत असेल.

सुभाषबाबू आणि खरे यांची तुलना कोणी करीत नाही आणि ती सर्वांशाने करताही येणार नाही. पण एक भेद उद्बोधक आहे. पक्षातून दूर सारले गेल्यावर सुभाषबाबूंनी स्वतःच्या गाऱ्हाण्यापेक्षा मोठे ध्येय डोळ्यांसमोर ठेवले आणि त्यासाठी देश सोडला. खऱ्यांचे गाऱ्हाणे हेच हळूहळू त्यांचे ध्येय बनले.

पाच

पुढील दहा वर्षांचा इतिहास हे स्पष्ट करतो. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून लोकनायक बापूजी अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांनी राजीनामे दिले. अणे यांच्याकडे परदेशस्थ भारतीयांचे खाते होते. त्या जागी खरे यांची नेमणूक झाली. यवतमाळच्या एका मराठी पुढाऱ्याने जी खुर्ची सोडून जनमानसात आपले स्थान उंचावले, तीच खुर्ची नागपूरच्या दुसऱ्या मराठी पुढाऱ्याने स्वीकारली. ज्या वेळी काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते, त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात बसणे म्हणजे जनतेच्या दृष्टीने आपला सारा पूर्वेतिहास पुसून टाकणे होते. शेक्सपिअरच्या कोरिओलेनसची आठवण येथे येते. रोमने हद्दपार केलेला तो सेनानी वोल्शियनांच्या छावणीत गेला, तेव्हा त्याचा क्रोध न्याय्य होता, पण त्याची वाट चुकीची होती.

असे असले तरी त्या पदावर खरे यांनी केलेले काम तुच्छ लेखण्यासारखे नाही. दक्षिण आफ्रिकेत भारतीयांविरुद्ध होणाऱ्या जाचक कायद्यांबाबत त्यांनी कडक धोरणाचा आग्रह धरला. १९४३ नंतर प्रत्युत्तराच्या कायद्याचा वापर झाला आणि १९४६ मध्ये भारताने त्या देशाशी असलेला व्यापार तोडला. वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध आर्थिक बहिष्काराचे पाऊल टाकणाऱ्या देशांत भारत अग्रणी ठरला, याचे थोडेफार श्रेय या माणसाला द्यावे लागते. चुकीच्या जागी बसूनही योग्य काम होऊ शकते. मात्र लोक काम विसरतात आणि जागा लक्षात ठेवतात.

एप्रिल १९४७ मध्ये ते अलवार संस्थानाचे दिवाण झाले. हे प्रकरण त्यांच्या चरित्रातील सर्वांत काळे होय. फाळणीच्या त्या वर्षात अलवार आणि भरतपूर या संस्थानांत मेव मुसलमानांवर भीषण अत्याचार झाले; हजारो मारले गेले, त्याहून अधिक देशोधडीस लागले. संस्थानाच्या कारभाराची सूत्रे ज्याच्या हाती होती, त्याला या घटनांच्या जबाबदारीतून मोकळे करता येत नाही. गांधीजींच्या हत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये भारत सरकारने अलवारचा कारभार ताब्यात घेतला, खरे यांना पदावरून दूर केले आणि चौकशी होईपर्यंत त्यांना दिल्लीत राहावे लागले. हत्येच्या कटाशी त्यांचा संबंध सिद्ध झाला नाही. मार्चमध्ये अलवार मत्स्य संघात विलीन झाले.

यानंतर ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. ३१ मार्च १९५० रोजी दिल्लीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना तीन महिन्यांसाठी दिल्लीतून हद्दपार केले. नवे संविधान अमलात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. संचारस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा आधार घेऊन त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी त्यांची याचिका फेटाळली, दोघांनी भिन्न मत दिले. विधीच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही वाचावा लागतो. १९५२ मध्ये ते ग्वाल्हेरहून लोकसभेवर निवडून गेले. १९५७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीबाबतही ते न्यायालयात गेले. १९५९ मध्ये त्यांच्या राजकीय आठवणींचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३८ च्या प्रकरणाला त्यात जे स्थान मिळाले आहे, त्यावरून ती जखम वीस वर्षांनंतरही भरली नव्हती हे कळते. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

सहा

ज्यांनी त्यांना मागे टाकले, त्यांच्याकडे आता वळू. शुक्ल १९३८-३९ आणि १९४६ ते १९५६ या काळात प्रांताचे, मग राज्याचे प्रमुख राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी निवर्तले. त्यांची बुद्धी खऱ्यांहून तीक्ष्ण होती असे कोणी म्हणणार नाही. पण १९३७ मध्ये नेतेपद हुकले तेव्हा त्यांनी दुसऱ्या क्रमांकाचे स्थान निमूटपणे स्वीकारले, आपल्या खात्यात काम केले आणि एका वर्षानंतर आलेली वेळ साधली.

मिश्रांचे उदाहरण अधिकच बोलके आहे. मुद्राराक्षसातील चाणक्याशी त्यांची तुलना करण्याची प्रथा पडली आहे. १९५१ मध्ये नेहरूंशी मतभेद होऊन तेही काँग्रेसबाहेर पडले होते. म्हणजे जो प्रसंग खऱ्यांवर आला, तसाच त्यांच्यावरही आला. बारा वर्षे ते सत्तेपासून दूर राहिले. त्या काळात त्यांनी सागर विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले, ग्रंथवाचन केले, जुने स्नेहसंबंध जपले. ज्या तुरुंगवासात इतरांनी दिवस मोजले, त्या तुरुंगवासात 'कृष्णायन' हे अवधी महाकाव्य रचणाऱ्या या पुरुषाला रिकामा काळ भरून काढण्याची विद्या अवगत होती. १९६३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. त्यांच्या राजकारणात सारेच शुचिर्भूत होते असे नाही. निवडणूक खर्चाच्या प्रकरणात त्यांची स्वतःची निवड पुढे न्यायालयाने रद्द ठरविली. पण पराभव पचवून परत येण्याची कला त्यांना साधली होती, आणि सेवाग्रामच्या त्या दिवशी खऱ्यांना नेमकी तीच साधली नाही.

मराठी विदर्भातूनही एक उदाहरण देता येईल. चांद्याचे मारोतराव कन्नमवार यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, वक्तृत्वाचा डौलही नव्हता. काँग्रेसची कार्यालये आणि खेड्यापाड्यांतील कार्यकर्ते यांच्यात त्यांचे आयुष्य गेले. मध्य प्रदेशात ते मंत्री झाले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. लाहोरच्या एम. डी.ला जे टिकविता आले नाही, ते या साध्या माणसाने कष्टाने मिळविले.

या तुलनेतून काही गोष्टी स्वच्छ दिसतात. पद मिळणे आणि नेतृत्व मिळणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिली एका मतदानाने घडते, दुसरीस वर्षे लागतात. ज्या प्रदेशात आपले मताधिक्य नाही, त्या प्रदेशाची भाषा केवळ बोलता येऊन भागत नाही, तेथील माणसांचे सुखदुःख आपले करावे लागते. जबलपूरला शिकलेल्या खऱ्यांना हे सर्वांत सोपे होते आणि तेच त्यांनी केले नाही. सत्ता कागदावर कोठे आहे आणि प्रत्यक्षात कोठे आहे, याचे भान नेत्याला क्षणभरही सोडून चालत नाही. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे पराभवानंतर आपल्या अपमानाला आपल्या मार्गाचा निर्णय करू न देणे.

परंतु एवढेच सांगून थांबलो, तर यशाचीच पूजा केल्यासारखे होईल. खरे यांनी १९३८ मध्ये विचारलेला प्रश्न त्यांच्या अपयशाने निकालात निघत नाही. विधिमंडळाला जबाबदार असलेला मुख्य मंत्री आपले सहकारी स्वतः निवडू शकणार नसेल आणि त्याचे भवितव्य विधिमंडळाबाहेरच्या काही व्यक्तींनी ठरवावयाचे असेल, तर मतदाराने दिलेल्या मताचा अर्थ काय राहतो? स्वातंत्र्यानंतर कितीतरी राज्यांचे मुख्यमंत्री दिल्लीच्या एका निरोपावर बदलले गेले. त्या वेळी खऱ्यांची कोणाला आठवण झाली नाही. स्वातंत्र्यसंग्रामाच्या व्यूहाला जी शिस्त आवश्यक होती, ती संग्राम संपल्यावरही सवय म्हणून राहिली.

प्रश्न रास्त असून विचारणारा चुकीचा ठरला, असे इतिहासात अनेकदा घडते. खऱ्यांनी तो प्रश्न गव्हर्नरच्या दारातून विचारला, म्हणून तो ऐकला गेला नाही. पुढे त्यांनी ज्या वाटा धरल्या, त्यांमुळे तो विचारण्याचा त्यांचा नैतिक अधिकारही उरला नाही. नेत्याची सचोटी आणि त्याचे व्यवहारज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण समजतो. खरे यांच्या चरित्रावरून असे दिसते की व्यवहारज्ञान सुटले की सचोटीची धारही फार काळ टिकत नाही. कारण एकाकी पडलेला माणूस मिळेल त्याचा आश्रय घेतो. मध्य प्रांताचा तो नकाशा १९५६ मध्ये पुसला गेला. नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, महाकोशल मध्य प्रदेशात राहिला. राजधानीची आशा बाळगणाऱ्या जबलपूरला उच्च न्यायालयावर समाधान मानावे लागले आणि राजधानी भोपाळला गेली. ज्या दोन भाषांच्या सीमेवर खऱ्यांचे आसन डळमळले, त्या आता दोन राज्यांत नांदत आहेत. त्यांना एकत्र नांदविण्याची एक संधी एका वर्षापुरती ज्या माणसाच्या हाती आली होती, त्याच्या कर्तृत्वाचा आणि प्रमादांचा हिशेब दोन्ही भाषांतील अभ्यासकांनी मिळूनच मांडला पाहिजे.